सहावं काडतूस

शनिवारी सकाळी आर्लो ट्वेटच्या दुकानात बंदुका दुरुस्त होत नसत, त्यांच्याबद्दल फक्त बोलणं होई. मागच्या खोलीत लोखंडी शेगडी, तिच्याजवळ एक ओबडधोबड टेबल, टेबलावर कॉफी आणि बेकरीतून आणलेले मेपलच्या पाकाचे पाव. टेबलाचे नियम दोनच होते. बंदूक ठेवण्याआधी ती उघडून, रिकामी करून सगळ्यांना दाखवायची. आणि ज्याची बंदूक असेल त्यानं तिची निंदा निमूट ऐकून घ्यायची. पहिला नियम आर्लोच्या वडिलांनी घातला होता. दुसरा खुद्द आर्लोनं घातला होता, आणि निंदा करण्यात त्याचा हात धरणारं त्या खोऱ्यात कोणी नव्हतं.

ऑक्टोबर संपत आला होता. एल्क हरणांच्या शिकारीचे दिवस असल्यामुळे निम्मं गाव डोंगरात गेलेलं. टेबलाशी दोघंच होते, एकाहत्तर वर्षांचा आर्लो आणि लाकूड गिरणीतून निवृत्त झालेला ड्यूई कोव्हाच. ड्यूईचा खुबा वसंतात बदलला होता आणि तेव्हापासून तो प्रत्येक चढाकडे शत्रूसारखा बघे.

"पेनहॅलो काल एल्क पाडून आला," ड्यूई म्हणाला. "संध्याकाळी खानावळीत रायफलचं कौतुक काही संपेना. दोनशे ऐंशी पावलं म्हणे. एकच बार."

"रायफल मी केलीय."

"म्हणून तर. एवढं चकचकीत लाकूड पाहिलं आणि बिचारा एल्क लाजून मेला."

"दोन हिवाळे घालवलेत त्या दस्त्यावर. पेनहॅलोच्या गालाच्या हाडाचं माप घेऊन कोरलाय."

"आणि पावसात भिजला की फुगतोय. माझा प्लास्टिकचा दस्ता बघ. होडीत वल्हं म्हणूनसुद्धा चालतो."

"मग वल्हंच म्हण की त्याला. रायफल कशाला म्हणतोस?"

ड्यूई खुशीत हसला. अशी दोन-चार वाक्यं कानावर पडली नाहीत तर त्याचा शनिवार सुना जाई. "पेनहॅलोची ती पाठपिशवी पण तशीच," तो म्हणाला. "बापाच्या वेळची लाकडी चौकट आणि मेणकापड. म्युझियममधून पळवल्यासारखी."

"ती बापाला पुरली, त्याला पुरली. तुझी नायलॉनची दुसऱ्याच हंगामात उसवली ना?"

"शिवून घेतली."

"मासेमारीच्या दोऱ्यानं!"

बाहेर रात्री पडलेला बर्फ छपरावरून घसरून धप्पकन खाली आला. आर्लोनं खिडकीतून डोंगराकडे पाहिलं. "अर्धंच मांस काल खाली आणता आलं त्याला. उरलेलं वरच झाडाला टांगून ठेवलंय. आज सहालाच सिग्नीला घेऊन गेलाय ते आणायला."

सिग्नी आर्लोची एकुलती एक मुलगी. चौतीस वर्षांची. घोड्यांना नाल मारायचं काम करी, दिवसभर वाकून घोड्याचा खूर मांडीवर घ्यायचा आणि संध्याकाळी कंबर धरून उभं राहायचं. पेनहॅलोला ती लहानपणापासून काका म्हणे.

"कुठल्या ओढ्याला टांगलंय?" ड्यूईनं विचारलं.

"टॅमरॅकच्या."

"तिथं ते मोठं ग्रिझ्ली अस्वल दिसलं होतं ना परवा? फिकट पाठीचं?"

"दिसू दे. पेनहॅलोकडे रायफल आहे, सिग्नीकडे तिचं रिव्हॉल्वर आहे. दोघं शहाणी आहेत."

 ड्यूईनं पाव उचलला, परत ठेवला, मग कॉफीत नसलेली साखर ढवळू लागला. आर्लो त्याला चाळीस वर्षं ओळखत होता. ड्यूई गप्प बसला म्हणजे काहीतरी मोडलेलं असे.

"काय झालं?"

"मला वाटलं, तिनं तुला सांगितलं असेल."

"काय सांगितलं असेल?"

ड्यूईनं कोटाखाली हात घातला. नियमाप्रमाणे रिव्हॉल्वरची चक्री उघडली, सहाही काडतुसं तळहातावर काढली, रिकामी भोकं आर्लोला दाखवली आणि ते टेबलावर ठेवलं. काळसर पोलादाचं जड रिव्हॉल्वर. मुठीला अक्रोडाचं लाकूड आणि लाकडावर बोटांच्या चार खळग्या.

त्या खळग्या आर्लोनं स्वतः कोरल्या होत्या. सिग्नीच्या एकविसाव्या वाढदिवसाला, तिचा हात ओल्या मातीत दाबून, त्याचा ठसा घेऊन.

"हे तुझ्याकडे कसं?"

"अदलाबदल केली आम्ही. बुधवारी. माझं ते हलकं तिला हवं होतं. ती म्हणाली, ड्यूई, दिवसभर वाकून काम करायचं आणि वर कमरेला हा दीड किलोचा नांगर. माझं सगळं मिळून पाऊण किलोसुद्धा नाही. मी म्हटलं, बाबा काय म्हणेल? तर म्हणाली, बाबाला मीच सांगीन, सवडीनं."

आर्लोला महिन्यापूर्वीचा शनिवार आठवला. कोणी एक गिऱ्हाईक तसलंच हलकं रिव्हॉल्वर विचारत आलं होतं. आर्लो सगळ्यांसमोर म्हणाला होता, "ज्याला रिव्हॉल्वर जड होतं त्यानं घरी बसून मोजे विणावेत." टेबल खदखदून हसलं होतं. सिग्नी दाराशी उभी होती. तीही हसली होती, जराशी उशिरा.

पण त्या क्षणी त्याला त्याहून वाईट गोष्ट सुचली. "काडतुसं कोणती दिलीस सोबत?"

"एकही नाही. मी कारखान्यातली वापरतो, ती माझ्याकडेच ठेवली. ती म्हणाली, बाबाची फळी भरलेली आहे."

आर्लो उठला. कारखान्याच्या काडतुसांना तो हात लावत नसे. स्वतःची स्वतः भरायचा, अर्धशतक झालं. भिंतीवरच्या फळीवर खोकी ओळीनं लावलेली होती, प्रत्येकावर पेन्सिलीनं तारीख, दारूचं वजन, गोळीचं वजन. ज्या खोक्याच्या कोपऱ्यात सिग्नीच्या नावाचं पहिलं अक्षर असे ते डाव्या टोकाला. तिथं आता खोकं नव्हतं. धुळीत एक स्वच्छ चौकोन होता.

ज्यानं काडतूस कधी उघडून पाहिलं नाही त्याला हे कळायला जरा थांबावं लागेल. काडतूस म्हणजे पितळेची बाटली. आत दारू, तोंडाशी बुचासारखी बसवलेली गोळी. बूच हलू नये म्हणून पितळेचा काठ गोळीभोवती आवळतात. घट्ट आवळला तर गोळी जागची हलत नाही, पण ते पितळ चार-पाच वेळा वापरलं की तोंडाशी चिरतं. हलक्या हातानं आवळला तर तेच पितळ दहा-बारा वेळा भरता येतं. सिग्नीचं जुनं रिव्हॉल्वर जड होतं, त्याचा धक्का पोलादच पिऊन टाकी, म्हणून आर्लो तिची काडतुसं तेरा वर्षं हलक्या हातानं आवळत आला होता. त्यात त्याला आपल्या कसबाचा अभिमानही होता.

हलक्या रिव्हॉल्वरची गोष्ट वेगळी. बार निघाला की ते हातात लाथ मारल्यासारखं मागे उसळतं. चक्री मागे जाते, चक्रीतली पितळं मागे जातात, पण न उडालेल्या जड गोळ्या जागच्या जागी राहू पाहतात. म्हणजे पितळातून पुढे सरकतात, दर बाराला थोड्या थोड्या. मग एखादीचं नाक चक्रीबाहेर येतं, चौकटीला अडकतं, आणि चक्री फिरायची थांबते. चाप ओढला जात नाही, काडतुसावर आपटणारा घोडा उठत नाही. समोर अस्वल असेल तर हातात पाऊण किलोचा दगड आहे एवढंच समजायचं.

"एखादा बार नीट जाईल," आर्लो म्हणाला. "दोन जातील. तिसऱ्याचा भरवसा नाही."

ड्यूईचा चेहरा उतरला. "अरे देवा. माझ्या लक्षातच आलं नाही रे."

"तुझ्या कसं येईल? काडतुसं मी भरली."

त्यानं सिग्नीला फोन लावला. टॅमरॅकच्या घळीत फोन लागत नाही हे ठाऊक असूनही लावला. मग पेनहॅलोला लावला. मग गाडीची किल्ली घेतली, ती हातातून पडली, उचलली, पुन्हा पडली.

"आण इकडे," ड्यूई म्हणाला. "मी चालवतो. तू कोट घाल."

पंचवीस मिनिटांचा रस्ता ड्यूईनं अठरा मिनिटांत तोडला.  वाटेत ड्यूई म्हणाला, "पेनहॅलोची रायफल आहे ना सोबत. ती तर तूच केलीयस." आर्लो म्हणाला, "मांस पाठीवर बांधताना माणूस रायफल कुठं ठेवतो?" त्यावर ड्यूईनं नुसता गिअर बदलला. रायफल झाडाला टेकवून ठेवतात. सगळेच ठेवतात. आर्लोही आयुष्यभर तशीच ठेवत आला होता.

पायवाट सुरू होते तिथं पेनहॅलोची गाडी उभी होती, टपावर रात्रीचा बर्फ. ड्यूईनं सिग्नीचं जुनं रिव्हॉल्वर पुन्हा भरलं, कारखान्याची सहा काडतुसं घालून, आणि म्यानासकट आर्लोच्या हातात दिलं. मग गाडीच्या दारातल्या कप्प्यातून एक डबा काढला. नारिंगी टोपणाचा, अस्वल पळवायचा मिरचीच्या अर्काचा फवारा. सिग्नीनं मागच्या वाढदिवसाला दिलेला. आर्लो त्याला 'सँडविचवरची चटणी' म्हणे आणि त्याचं प्लास्टिकचं वेष्टनही त्यानं काढलं नव्हतं.

"हेही घे."

"ड्यूई, खेळ आहे का हा?"

"घे म्हणतो ना, म्हाताऱ्या! वाद नंतर घाल." ड्यूईनं दातांनी वेष्टन फाडलं आणि डबा त्याच्या कोटाच्या खिशात कोंबला. "मी वर येऊ शकत नाही. पुलापाशी जाऊन वनरक्षकाला फोन लावतो. जा तू."

बर्फात दोघांच्या पावलांचे ठसे स्पष्ट होते. पेनहॅलोचे रुंद, बाहेर फाकलेले. सिग्नीचे नेटके, घोड्यांजवळ वावरणाऱ्या माणसाचे असतात तसे, न घसरणारे. आर्लो त्या ठशांत पाय टाकत चढू लागला. वीस वर्षांपूर्वी ही वाट त्यानं अर्ध्या तासात कापली असती. आता दर शंभर पावलांवर छाती भात्यासारखी वाजत होती. वारा पाठीमागून होता. ऊन वरच्या उतारांवर पडू लागलं की घळीतली हवा वर सरकते. म्हणजे आपला वास आपल्याआधी पोहोचणार, हे त्याच्या मनात आलं.

त्यानं हाका मारल्या. "सिग्नीऽऽ! पेनहॅलोऽऽ!" झाडांनी हाका गिळल्या.

चालता चालता तो तिला शिकवलेलं आठवत होता. नऊ वर्षांची असताना बाकावर उभी राहून ती पितळं पुसायची. चौदाव्या वर्षी स्वतः भरू लागली. हातात नवं रिव्हॉल्वर आलं की काय करायचं? तिला ते पाठ होतं. सहा भरायची, पाच उडवायची, सहावं बाहेर काढून मोजायचं. जेवढं आधी होतं तेवढंच लांब असेल तर ठीक. वाढलं असेल तर ती काडतुसं त्या रिव्हॉल्वरची नव्हेत. हे तिनं शंभरदा केलं असेल. या वेळी केलं असेल का?

मग बार ऐकू आला.

जवळच, वरच्या वळणापलीकडे. रिव्हॉल्वरचा, रायफलचा नव्हे. आर्लो जागच्या जागी थबकला. घळीनं तो आवाज इकडून तिकडे फेकला आणि शांत केला.

दुसरा बार.

ती चाचणी करत असेल, त्यानं स्वतःला सांगितलं. पाच उडवील आणि सहावं मोजील. आता तिसरा येईल. ये. तो श्वास रोखून उभा राहिला.  तिसरा आला नाही.

आर्लो पळू लागला. त्याच्या वयाचा माणूस बर्फात जेवढं पळू शकतो तेवढं.

वळणापलीकडे झाडं मागे सरली होती आणि एक उघडा उतार लागला. सगळं एकदम दिसलं. चाळीस पावलांवर अस्वल. फिकट पाठ, मानेवरचा केसाळ उंचवटा, पुढचा पंजा एल्कच्या मांडीवर, अंगावर रक्ताचा ठिपकाही नाही. झाडाला टांगलेलं मांस दोर तोडून त्यानं खाली पाडलं होतं. त्याच्या अलीकडे, जेमतेम पाच हातांवर, एका पाइनला टेकवलेली पेनहॅलोची रायफल, उन्हात चकाकणारं अक्रोडाचं लाकूड. आणि अस्वलाच्या पलीकडे, सरळ त्याच रेषेत, वीस पावलांवर खडकाला पाठ लावून उभे असलेले पेनहॅलो आणि सिग्नी. तिच्या हातात ते राखाडी, हलकं रिव्हॉल्वर होतं. दोन्ही हातांनी धरलेलं, नळी समोर. ती चाप ओढत होती. बोटाचं पेर पांढरं झालेलं त्याला तिथूनही दिसल्यासारखं वाटलं.

"सिग्नी," तो मोठ्यानं पण न ओरडता म्हणाला. "ते अडकलंय. सोड त्याचा नाद. हलू नकोस."

"बाबा?" तिचा आवाज बारीक आला. "तू का आलास इथं!"

"पळायचं नाही. दोघंही एकमेकांना चिकटून उभे राहा. मोठे दिसा."

"आम्ही मोठेच आहोत रे!" पेनहॅलो ओरडला. भीतीनं त्याचा आवाज चिरकला होता. "त्याला सांग!"

वारा आर्लोच्या पाठीवरून पुढे गेला आणि अस्वलाच्या नाकाशी पोहोचला. ते वळलं. डोकं खाली, कान मागे. दात एकमेकांवर आपटल्याचा कटकट आवाज आला. आर्लोनं म्यानातून रिव्हॉल्वर काढलं. हाताला ओळखीचं वजन लागलं. याच्यावर त्याचा जन्मभराचा विश्वास होता. हे अडकणार नव्हतं. सहाच्या सहा बार निघाले असते.

पण अस्वलाच्या बरोबर मागे सिग्नी होती.

गोळी चुकली तर तिच्याकडे जाणार. गोळी मांसातून आरपार गेली तरी तिच्याकडेच जाणार. बाजूला सरकून रेषा बदलायला उतारावर जागा नव्हती, डावीकडे कडा आणि उजवीकडे ओढ्याची खोल कपार. नळीपुढे काय आहे आणि त्याच्यामागे काय आहे ते आधी पाहायचं, मग चापाला हात लावायचा. हे त्यानं गावातल्या तीन पिढ्यांना शिकवलं होतं.

अस्वल निघालं. आधी चालत, मग एकदम उसळून, बर्फ उडवत. पाइनच्या बुंध्याला त्याचा खांदा घासला आणि रायफल आडवी पडली.

आर्लोनं रिव्हॉल्वर डाव्या हातात घेतलं, नळी जमिनीकडे केली आणि उजव्या हातानं खिशातून तो डबा ओढला. टोपणाखालचा खटका अंगठ्याला सापडेना. त्याला वापरायची पद्धत माहीत नव्हती. त्याच्यावरच्या सूचना त्यानं कधी वाचल्याच नव्हत्या. वीस पावलं. अंगठा घसरला. पंधरा. काहीतरी कट्ट वाजलं, पोपटाच्या चोचीसारख्या लाल रंगाची प्लास्टिकची पट्टी उडून गेली. दहा. त्यानं दाबलं.

नारिंगी ढग भस्सकन बाहेर पडला आणि पाठीमागच्या वाऱ्यानं त्याला पुढे नेलं. अस्वल त्यात शिरलं. आर्लोला फक्त आवाज ऐकू आले, एक घुसमटलेला खोकला, शिंकेसारखा फुत्कार, मग कपारीकडे कोसळत गेलेल्या दगडांचा गडगडाट. फांद्या मोडल्या. ओढ्याचं पाणी फटाफट उडालं. पलीकडच्या चढावर एक फिकट पाठ झाडांत दिसेनाशी झाली.

तो दाबतच राहिला. डबा रिकामा होऊन नुसता फुसफुसू लागला तेव्हा त्याच्या लक्षात आलं.

ढग वर सरकत खडकापर्यंत गेला होता. सिग्नी आणि पेनहॅलो डोळे पुसत, खोकत, ठेचकाळत खाली आले. सिग्नीच्या नाकातून पाणी वाहत होतं. तिनं बापाला मिठी मारली आणि त्याच्या कोटात तोंड खुपसून आणखी खोकली.

"सँडविचवरची चटणी," ती म्हणाली.

"चांगली तिखट आहे," आर्लो म्हणाला. आणि मग तो बर्फातच बसला.

पेनहॅलो लाल डोळ्यांनी रायफल उचलून बघत होता. "दस्ता!" तो कळवळला. "आर्लो, गालापाशी ओरखडा! हा बघ, केवढा!"

"पेनकाका," सिग्नी म्हणाली, "आपण जिवंत आहोत."

"ते आहे गं. पण ओरखडा बघ ना."

मांसाला कोणी हात लावला नाही. अस्वलानं हक्क सांगितलेलं मांस त्याचंच, तिथं क्षणभरही रेंगाळायचं नाही. तिघं पाठीला पाठ लावल्यासारखे, मागे बघत, मोठ्यानं बोलत खाली उतरले. बोलायचं म्हणून पेनहॅलो सगळ्या वाटेत आपल्या बापाच्या पाठपिशवीची गोष्ट सांगत होता. ती पिशवी वर मांसाजवळच राहिली होती.

वाट रुंद झाली तिथं आर्लो थांबला. "दे बघू ते," तो म्हणाला.

सिग्नीनं नळी खाली धरून रिव्हॉल्वर पुढे केलं. आर्लोनं ते तिच्या हातातून घेतलं नाही, नुसतं वाकून पाहिलं. चक्री आणि चौकट यांच्या फटीत शिशाचं करडं नाक अडकलं होतं. नखाच्या जाडीएवढं बाहेर. तेवढंच.

"मला माहीत होतं," सिग्नी म्हणाली. ती बापाकडे बघत नव्हती. "पाच उडवायची, सहावं मोजायचं. विसरले नव्हते मी. पण मोजायचं व्हर्नियर तुझ्या बाकावर. दुकानामागे बार काढले असते तर आवाज ऐकून तू बाहेर आला असतास. आणि मग शनिवारी..." तिनं खांदे उडवले. "माझी कंबर दुखते रे, बाबा. खरंच दुखते. मोजे मला विणता येत नाहीत."

 शब्दांची आर्लोला कधी वानवा पडली नव्हती, पण त्याच्याकडचे सगळे शब्द टेबलावरचे होते. पेनहॅलो दहा पावलं पुढे जाऊन, नसलेलं काहीतरी झाडात शोधू लागला.

"कंबर कधीपासून दुखते?" आर्लोनं शेवटी विचारलं.

"दोन वर्षं झाली."

"मला कसं दिसलं नाही?"

"तू बघत होतास, पण तेव्हा माझी मूठ नीट आहे का ते बघत होतास."

खाली ड्यूई वनरक्षकाला घेऊन उभा होता. त्यानं तिघांना मोजलं, एकदा, दोनदा, आणि मग टोपी काढून कपाळ पुसलं. जवळ आल्यावर नाक मुरडलं. "काय रे हा वास? कोणी मिरची कांडली का?"

रविवारी दुपारी आर्लोनं दुकान उघडलं. सिग्नीनं आणलेल्या खोक्यातली उरलेली काडतुसं त्यानं एकेक करून मोडली. गोळ्या वेगळ्या, दारू वेगळी, पितळं वेगळी. मग जुनी पितळं बाजूला सारून नव्यांचं पाकीट फोडलं. "ही चार-पाच वेळांत चिरतील," तो म्हणाला.

"चिरू देत."

"आवळायला तू बस. मी सांगतो किती."

"किती ते मला माहीत आहे. तू दारू तोल."

तो दारू तोलत बसला. मध्येच एकदा त्याच्या जिभेवर काहीतरी आलं होतं, आवळायच्या यंत्राच्या दांड्यावर एवढा जोर द्यायला नाल ठोकतेस का असं काहीसं. त्यानं ते कॉफीबरोबर गिळलं.

दुकानामागे मातीच्या बांधावर तिनं सहा भरली आणि पाच उडवली. प्रत्येक बाराला ते हलकं रिव्हॉल्वर तिच्या हातात उसळत होतं, ते आर्लोला बघवत नव्हतं. तरी तो बघत राहिला. तिनं चक्री उघडली, सहावं काडतूस काढलं आणि आत जाऊन व्हर्नियरच्या जबड्यात धरलं. पाठमोरी, बाकावर वाकून. आर्लो दारातच थांबला. किती, हा प्रश्न त्याच्या ओठांवर होता. त्यानं तो विचारला नाही. हातमोज्यांची बोटं एकेक करून ओढत उभा राहिला.

तिनं पुन्हा मोजलं. मग तिसऱ्यांदा. एका हातानं कंबर दाबत ताठ झाली.

"बाबा," ती म्हणाली, "थोडंसं हललंय. अगदी केसभर. काय करू या?"

आर्लो आत गेला आणि बाकावर तिच्याशेजारी चष्मा शोधू लागला. "आधी मला दाखव," तो म्हणाला.